महानगरातील अंत्यभूमी : मुंबईचा अनुभव

शहर वाढते तेव्हा घरे, रस्ते, पाणी यांचा विचार प्रथम होतो. अंत्यसंस्काराच्या जागेचा प्रश्न मात्र ऐन वेळ येईपर्यंत कोणी काढीत नाही. 2011 च्या जनगणनेनुसार सुमारे 1 कोटी 24 लाख लोकवस्ती असलेल्या मुंबईने हा प्रश्न कसा हाताळला, हे लहानमोठ्या गावांनीही जाणून घेण्याजोगे आहे.

गिरगावानजीकचे सोनापूर ही मुंबईची जुनी अंत्यभूमी होय. हिंदूंचे चंदनवाडी स्मशान व मुसलमानांचे बडा कब्रस्तान या भागात आजही जवळजवळ आहेत. एके काळी वस्तीबाहेर असलेल्या या जागेभोवती एकोणिसाव्या शतकात वस्ती दाटली, तेव्हा स्मशान शिवडीस हलविण्याचा विचार पुढे आला. त्यास जगन्नाथ ऊर्फ नाना शंकरशेट यांनी विरोध केला. तिरडी खांद्यावरून नेण्याच्या त्या काळात गिरगावाहून शिवडी गाठणे गोरगरिबांस किती कठीण, हे सहज ध्यानात येईल. स्मशान जागीच राहिले. ख्रिस्ती दफनभूमीसाठी मात्र पुढे आर्थर क्रॉफर्ड यांच्या कारकिर्दीत शिवडीची जागा घेण्यात आली.

1888 च्या मुंबई महानगरपालिका कायद्यात अंत्यविधीच्या जागा राखणे, त्यांचे नियमन करणे व नव्या जागा पुरविणे हे पालिकेचे बंधनकारक कर्तव्य मानले आहे. पाणी व साफसफाई यांच्या जोडीने ही जबाबदारी कायद्यात यावी, यातच तिचे महत्त्व दिसून येते.

दहन आणि दफन यांचे जमिनीचे हिशेब निराळे आहेत. चितेचा ओटा दुसऱ्या दिवशी पुन्हा उपयोगात येतो. परंतु एका चितेस सुमारे 300 ते 400 किलो लाकूड लागते. यास्तव विद्युत् व गॅसदाहिन्यांची सोय करण्यात आली. दफनात जागा काही काळ अडून राहते. म्हणून मुंबईतील अनेक कब्रस्तानांत ठरावीक काळानंतर त्याच जागी पुन्हा दफन होते. ख्रिस्ती दफनभूमींत काही वर्षांनी अस्थी काढून भिंतीतील कोनाड्यांत ठेवतात. गोव्यातील लोकांस ही रीत परिचितच आहे. दफनाचा प्रश्न केवळ याच दोन समाजांचा आहे असेही नव्हे. लिंगायत, नाथपंथी व गोसावी यांच्यात समाधी देण्याची प्रथा आहे; हिंदूंच्या अनेक जातींत तान्ह्या मुलांस पुरतात.

पारशी समाजापुढील अडचण निराळीच होती. मलबार हिलवरील डुंगरवाडीस जागेची वाण नव्हती, पण गिधाडे नाहीशी झाली. गुरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅक या वेदनाशामक औषधाचा अंश मृत जनावरांच्या मांसातून पोटात जाऊन ती मरत होती. 2006 मध्ये या औषधाच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली, तरी गिधाडांची संख्या त्वरित भरून येणारी नव्हती. अखेर दहनाचा मार्ग पत्करणाऱ्या पारशी कुटुंबांसाठी 2015 मध्ये वरळी येथे प्रार्थनागृह सुरू झाले.

मुंबईत रीती बदलल्या त्या मृतांविषयीचा आदर उणावला म्हणून नव्हे. समाजधुरीण, धर्मसंस्था आणि नगरपालिका यांनी परिस्थिती ओळखून वाट काढली. तथापि महानगरात नवी जागा मिळविणे अत्यंत दुर्घट असते. शेजारी स्मशान वा कब्रस्तान नको, असे म्हणणारेही पुष्कळ भेटतात.

शहरालगतच्या गावांनी यातून बोध घ्यावा. आज माळावर असलेले स्मशान उद्या वस्तीच्या मध्यावर येते. त्या जागेची महसुली दप्तरात स्पष्ट नोंद असावी, हद्द मोजून कुंपण घालावे, पावसाळ्यात तेथवर जाता येईल असा रस्ता, पाणी व निवारा असावा. दफन करणाऱ्या समाजांची गरजही त्याच वेळी लक्षात घ्यावी. ग्रामसभेत हा विषय काढणे अशुभ मानून टाळले, तर त्याची झळ दुःखात असलेल्या कुटुंबास ऐन वेळी सोसावी लागते.