बेल मीडचे हार्डिंग घराणे : जमीन, अश्वपैदास आणि गुलामांचे श्रम

वऱ्हाडच्या अभ्यासकास अमेरिकेच्या दक्षिणेतील मळेवाला परिचित आहे तो कापसामुळे. १८६१ ते १८६५ च्या तेथील यादवी युद्धात अमेरिकी कापूस अडला आणि वाशीमसह वऱ्हाडच्या कापसाला भाव चढला. टेनेसी राज्यातील नॅशव्हिलजवळच्या बेल मीडचे मालक विल्यम जाइल्स हार्डिंग (१८०८–१८८६) यांची कीर्ती मात्र अश्वपैदाशीवर उभी होती.

त्यांचे वडील जॉन हार्डिंग यांनी १८०७ मध्ये २५० एकर जमीन घेतली. पुढे मळ्याचा विस्तार सुमारे ५,४०० एकरांपर्यंत झाला. १८३९ मध्ये कारभार विल्यम यांच्याकडे आला. युद्धात दक्षिणेची बाजू घेतल्याने १८६२ मध्ये त्यांना कैद भोगावी लागली. १८६८ मध्ये कन्या सेलीनचा विवाह विल्यम हिक्स जॅक्सन यांच्याशी झाला व जावयाने हा व्यवसाय पुढे नेला. १८८१ ची एप्सम डर्बी जिंकणारा अमेरिकेत जन्मलेला पहिला घोडा इरोक्वॉय १८८६ मध्ये येथेच पैदाशीसाठी आला.

एवढ्यावर हा वृत्तान्त अपुराच राहतो. १८६० मध्ये या मळ्यावर १३६ माणसे गुलामीत होती. घोड्यांच्या वंशावळी पिढ्यान्‌पिढ्या नावानिशी जपल्या गेल्या. त्या वर्षीच्या जनगणनेतील गुलामांच्या याद्यांत मात्र मालकाच्या नावाखाली सहसा वय, लिंग व वर्ण एवढेच आढळते. बॉब ग्रीन यांचे नाव टिकले, हा अपवाद म्हणावा लागेल. ते बालपणीच गुलाम म्हणून येथे आले आणि मुक्तीनंतर पगारी मुख्य मोतद्दार झाले. १९०६ मध्ये मळा विकला गेला. त्याच वर्षी ग्रीन यांचे निधन झाले.