एकट्याने चढविलेले कामठ्याचे छप्पर

शेतकऱ्याच्या घरी धान्यास कणगी असते, गुरांस गोठा असतो, वैरणीस माच असतो. परंतु ज्या अवजारांवर हे सारे उभे राहते त्यांच्या वाट्यास बहुधा पडवीचा एखादा कोपराच येतो. आमच्याकडेही अनेक वर्षे तीच रीत होती. नांगराचे हाळीस, कुळवाची जू, फवारणीचा पंप, ऐरण आणि करवती एकाच ढिगात पडलेल्या असत, आणि ऐन पेरणीत एखादी दांडी मोडली म्हणजे ती सांधण्यास कोरडी हातभर जागा मिळत नसे. म्हणून गेल्या उन्हाळ्यात शेतावर चौदा फूट रुंद व चोवीस फूट लांब असा दुपाखी कामठा बांधावयाचे आम्ही ठरविले.

तो एकट्याने बांधावा लागला, यात हौसेपेक्षा अडचणीचा भाग मोठा होता. बलुत्यावर राबणारा सुतार आता गावात उरलेला नाही. आमच्या गावच्या सुताराची मुले शहरात दारे-खिडक्यांच्या कामास गेली, आणि म्हातारा मागे राहिला तो डोळ्यांनी अधू. मजुरांची टोळी मिळते, पण तिला लोखंडी नळ्या व पत्रा एवढेच ठाऊक. पत्र्यास आमचा विरोध तत्त्वाचा नाही. परंतु वैशाखात पत्र्याखाली बसून पटाशी चालविणे ज्याला साधते त्याने ते खुशाल करावे. आमच्या अंगणात सागाच्या तुळया सात वर्षे सावलीत रचून ठेवलेल्या होत्या, त्यांचाही मोह होता. येथे एक सूचना करून ठेवतो. बांधावरचा साग आपला असला तरी 1964 च्या वृक्षतोड नियमनाच्या कायद्याच्या यादीत तो आहे. ऐन व किंजळ हीही आहेत. तेव्हा परवानगीचा कागद आधी व कुऱ्हाड मागून, हा क्रम चुकवू नये.

म्हाताऱ्या सुतारास आम्ही बेत सांगितला तेव्हा तो हसला नाही, यावरून आम्हांस धीर आला. "अण्णा," तो म्हणाला, "एकट्या माणसानं लाकूड उचलायचं नसतं, चालवायचं असतं. एक टोक चाललं की थांबायचं, मग दुसरं." पुढील सर्व काम या दोन वाक्यांवर झाले.

प्रथम वजनाचा हिशोब केला. वाळलेला साग घनफुटास सुमारे अठरा किलो भरतो. सहा इंच चौरस व आठ फूट उंच खांब दोन घनफुटांचा, म्हणजे छत्तीस-सदतीस किलोंचा झाला. पंधरा फूट लांबीची सहा बाय चार इंचांची आडवी तुळई पंचेचाळीस किलोंच्या घरात जाते. दहा फुटी वासा तीन बाय दोन इंचांचा धरला तर आठ किलोंहूनही कमी. यातील कोणतेही लाकूड एकेका टोकाने हलविता येते. पण जमिनीवर जुळविलेली पुरी कैची ऐंशी-नव्वद किलोंची होते आणि ती उभी करणे एकट्याच्या हातचे नव्हे. म्हणून कैची जमिनीवर जुळवावी, प्रत्येक सांध्यावर टाकीने खूण करावी, सोडवावी, आणि तुकड्यातुकड्याने वर नेऊन पुन्हा जुळवावी, असे ठरले. काम दुप्पट होते खरे, पण जमिनीवर जो सांधा बसला तो वरही बसतो. वर बसून खोबण रुंद करीत राहण्याचा प्रसंग येत नाही.

आता कैचीच का, याविषयी थोडे विस्ताराने लिहिणे भाग आहे, कारण या बाबतीत आपल्याकडे पुष्कळ घरांत चूक झालेली दिसते. जुन्या रीतीत आडव्या तुळईच्या मध्यावर एक आखूड उभा बसवून त्यावर आढे ठेवतात. त्यामुळे छपराचा भार तुळईच्या नेमक्या पोटावर येतो, आणि तुळई जाडजूड नसेल तर काही वर्षांत लवते. वाड्यांतून ज्या फूटफूट जाडीच्या तुळया दिसतात त्या काही केवळ वैभवासाठी नव्हत्या. कैचीत हाच मधला उभा भार खाली ढकलीत नाही. दोन्ही बाजूंचे तिरके पाय त्यास माथ्याशी आवळून धरतात, आणि तो खालच्या तुळईला लोखंडी पट्टीने वर टांगून ठेवतो. दोन्ही रीती दिसण्यात सारख्या, पण एकीत मधले लाकूड दाबले जाते आणि दुसरीत ताणले जाते. म्हणून कैचीच्या मधल्या उभ्याला तळाशी पट्टी किंवा बोल्ट नसेल तर ती कैची नव्हेच. केवळ कैचीचे चित्र होय.

आडव्या तुळईचे खरे काम निराळेच आहे. पाख्यांचे वासे आपले पाय बाहेर फाकवू पाहतात. आमच्या मापाने, चौदा फुटांच्या गाळ्यास चार फूट उठाव देऊन, आठ फुटांवर एक कैची धरली तर मधल्या एका कैचीवर कौले व लाकूड मिळून सातशे किलोंवर भार येतो, आणि तो भार प्रत्येक पायाशी सुमारे 300 किलोंनी बाहेर रेटतो. भिंत हा रेटा सोसत नाही. पोट फुगलेल्या भिंती व वळचणीशी सुटलेले वासे गावोगाव दिसतात, त्यांचे मूळ बहुधा येथेच असते. डोक्यास लागते म्हणून मधली तुळई कापून टाकणारे गृहस्थही आमच्या पाहण्यात आहेत. त्यांचे छप्पर कशाच्या आधारावर राहिले आहे ते त्यांनाच ठाऊक.

भिंतींवर भार टाकावयाचाच नाही, सगळा भार आठ खांबांनी घ्यावा, असे आम्ही ठरविले. 30 सप्टेंबर 1993 च्या किल्लारीच्या भूकंपात दगडमातीच्या जाड भिंती ढासळल्या, तरी पुष्कळ ठिकाणी लाकडी खणांचा सांगाडा उभा राहिलेला दिसला, ही गोष्ट मनात होती. खांब दगडी तळखड्यांवर ठेविले, म्हणजे बुडाशी ओल व वाळवी लागत नाही. खांब आणि वरची लांब तुळई यांच्या कोनात तिरके आधार दिले. हे आधार कित्येकांना अनावश्यक खर्च वाटतात. परंतु त्यांच्यावाचून आठ खांबांचा सांगाडा म्हणजे पाय ढिले झालेली बाज.

सांध्यांविषयी एकच युक्ती सांगतो. कुसू खोबणीत बसवून दोहोंतून एकदम भोक पाडू नये. आधी खोबणीच्या लाकडास गिरमिटाने भोक पाडावे, कुसू आत घालून त्यावर भोकाची खूण घ्यावी, ते बाहेर काढावे, आणि कुसवातील भोक खुणेपेक्षा एक सूत खांद्याकडे सरकवून पाडावे. मग टोकदार खुंटी ठोकली म्हणजे ती जाता जाता कुसवास आत ओढून घेते आणि सांधा केस न शिरेल असा आवळतो. खुंटी खडखडीत वाळलेल्या बाभळीची असावी. ओली खुंटी पुढे वाळून बारीक होते, मग सांधा बोलू लागतो.

होळी झाल्यावर आम्ही खांब उभे करण्यास आरंभ केला. एकट्याने खांब उभा करताना खरा प्रश्न उचलण्याचा नसून सोडण्याचा असतो. एका हाताने खांब धरून दुसऱ्याने टेकू ठोकणे होत नाही. म्हणून खांब आडवा असतानाच त्याच्या माथ्याजवळ काटकोनात दोन टेकू एकेका खिळ्याने सैल अडकवून ठेविले. खांब उभा होताच टेकूंचे पाय आपोआप जमिनीस लागतात. मग ओळंबा धरून एकेक खुंट्यास बांधावयाचे. असे आठ खांब सहा दिवसांत उभे राहिले, आणि त्यांच्या डोक्यांवर लांब तुळया आणखी चार दिवसांत चढल्या.

आडव्या तुळयांनी मात्र आमची परीक्षा पाहिली. मेसाच्या दोन जाड काठ्या माथ्याशी बांधून त्यांची तिकटी केली, पाय गाडून पुढे-मागे ताणाचे दोर दिले, आणि वर कप्पी टांगली. तुळईचे एकच टोक ओढावयाचे असल्याने भार निम्मा होतो, आणि सरकती कप्पी लावली की पुन्हा निम्मा. दोर नुसता हातात न धरता मागच्या खांबास तीन वेढे देऊन ओढावा. वेढ्यांच्या घर्षणाने भार तेथेच अडकून राहतो, आणि दोराचे टोक चिमटीत धरून दुसऱ्या हाताने घाम पुसता येतो. एकट्याच्या कामात या तीन वेढ्यांइतका विश्वासू गडी दुसरा नाही.

पहिल्या तुळईस एक गोष्ट शिकलो. वर गेलेले टोक लांब तुळईच्या बाहेर दोनेक फूट काढून ठेवावे लागते. नाहीतर दुसरे टोक वर येताना समोरच्या लांब तुळईस आतून अडते आणि पुन्हा सारे खाली घ्यावे लागते. आम्ही ते खाली घेतले. दोन्ही टोके वर आल्यावर मग तुळई मागे सरकवून खाचेत बसवावयाची.

दुसऱ्या तुळईस जे घडले ते लपवून ठेवणे योग्य नव्हे. वर काढलेले टोक घट्ट बांधण्याऐवजी आम्ही एकच वेढा देऊन सोडले, कारण ऊन चढले होते आणि "एवढ्याने काय होते" ही बुद्धी झाली. दुसरे टोक कमरेच्या वर आले तोच पहिले घसरले आणि खाली येऊन जमिनीत वीतभर रुतले. खांबावरच्या वेढ्यांमुळे आमच्या हातचे टोक लटकत राहिले, एवढेच दैव. जेथे तुळई रुतली तेथे क्षणापूर्वी पाणी पिऊन आम्ही तांब्या ठेवला होता. तो पापडासारखा चपटा झाला. आमच्या कुटुंबाने तो तांब्या उचलून पाहिला, आम्हांस एक शब्दही बोलल्या नाहीत, आणि दुसऱ्या दिवसापासून निवडण-टिपण घेऊन कामाच्या हाकेच्या अंतरावर येऊन बसू लागल्या. तेव्हा एकट्याने बांधले असे जे आम्ही म्हणतो ते इतपतच खरे आहे. ज्यांना आमचे अनुकरण करावयाचे असेल त्यांनी काम एकट्याने करावे, पण शिवारात एकटे असताना करू नये. आणि टांगलेल्या लाकडाखालून, घाई असली तरी, पाऊल टाकू नये.

चारही तुळया बसल्यावर त्यांवर फळ्या टाकल्या म्हणजे तीच परांची झाली, आणि पुढचे काम सुखाचे झाले. लाकडास मुळची किंचित कमान असेल तर ती वरच्या अंगास करावी, म्हणजे भार आल्यावर तुळई सरळ दिसते. मधला उभा टेकूंनी धरून दोन्ही तिरके पाय एकामागून एक खाचेत बसविले. त्यांचे वजन पंधरा-पंधरा किलोंचे. मग आढे, मधल्या आडव्या तुळया आणि वासे. दोन्ही पाख्यांचे मिळून अठ्ठावीस वासे, त्यांची खाच एका फळीच्या नमुन्यावरून कापली. वळीव आला तेव्हा छप्पर उघडेच होते. वाऱ्याने तासभर झोडपले. तिरक्या आधारांमुळे सांगाडा हलला नाही, परंतु कोपऱ्यातील दोन वासे, ज्यांना लांब तुळईशी पट्टी मारावयाची राहिली होती, ते उचलले गेले. 3 जून 2020 रोजी निसर्ग वादळाने रायगड-रत्नागिरीकडील कौलारू घरांची दशा काय केली ते आठवून आम्ही मग प्रत्येक वाशास पट्टी मारली, एकही वगळला नाही.

कौले मंगलोरी घेतली. 1865 साली मंगळूरास बासेल मिशनने या खाचेच्या कौलांचा कारखाना काढला, तेव्हापासून नळीच्या कौलांची दरवर्षीची शाकारणी पुष्कळ घरांतून कमी झाली. या कौलांस उठाव मात्र पुरेसा हवा. सात फुटांत चार फूट चढ दिला तर पाणी मागे चढत नाही. आमच्या छपरास सातशेंवर कौले लागली, म्हणजे दीड टनाहून अधिक वजन, आणि तेही दहा-दहा कौलांनी शिडीवरून नेलेले. येथे एकट्या माणसाची एक खोड नडते: एक पाखे संपवून मग दुसरे घ्यावे असे त्यास वाटते. तसे केल्यास सगळा भार एका अंगास येऊन कैच्या कलतात. दोन ओळी या पाख्यावर, दोन त्या पाख्यावर, असे वळचणीकडून आढ्याकडे चढत जावे. शिडी हलविण्याचा कंटाळा करू नये.

रोहिणी सरता सरता आढ्यावरची शेवटची कौले चुन्यात बसली, आणि मृगाचा पहिला पाऊस आम्ही कामठ्यात उभे राहून पाहिला. दक्षिणेच्या पाख्यावर चौथ्या ओळीत एक धार लागली. तेथे रिपांतील अंतर आम्ही पाव इंच अधिक धरले होते. कौलाची खाच पुरती बसत नाही. तूर्त खाली घमेले ठेविले आहे. दिवाळीनंतर लाकूड आणखी वाळले म्हणजे कैच्यांचे बोल्ट पुन्हा आवळावयाचे आहेतच, त्याच वेळी ती रीप काढून बसवू.