एकरामागे पाच गुंठे

हवाई बेटांवर होनोलुलूचा विमानतळ आहे. त्याला २०१७ साली डॅनियल इनोये यांचं नाव दिलं गेलं. इनोये अमेरिकी सिनेटर होते, १९६३ पासून डिसेंबर २०१२ मध्ये मरेपर्यंत सलग. उसाच्या मळ्यांवर राबायला जपानहून आलेल्या माणसाचा हा नातू. दुसऱ्या महायुद्धात इटलीत उजवा हात गमावला, पुढे वकील झाला आणि शेवटची काही वर्षं सिनेटच्या खर्चमंजुरी समितीचा अध्यक्ष होता. देशाची तिजोरी ज्या खोलीत उघडते त्या खोलीत बसून त्याने आपल्या छोट्या राज्यासाठी रस्ते, बंदरं, संस्था आणल्या. अशा माणसाचं नाव विमानतळाला मिळावं, हे समजू शकतं.

आता नवी मुंबईकडे या. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी उद्घाटन झालेल्या इथल्या विमानतळाला दि. बा. पाटील यांचं नाव द्यावं, असा ठराव राज्याने केला, आणि त्याआधी २०२१ च्या जूनमध्ये त्याच नावासाठी हजारो माणसं मानवी साखळी करून रस्त्याच्या कडेला उभी राहिली होती. दिबा इनोयेंपेक्षा सोळा महिन्यांनी लहान, तेही वकील. इनोयेंनंतर सहा-सात महिन्यांनी, २४ जून २०१३ रोजी ते गेले. इथवर दोघांच्या आयुष्याच्या तारखा चमत्कारिक जुळतात. पुढे मात्र वाट फुटते. दिबांच्या हाती तिजोरी कधीच नव्हती. पनवेलमधून १९५७, १९६२, १९६७, १९७२ आणि १९८० अशा पाच निवडणुका त्यांनी जिंकल्या, तेव्हाच्या कुलाबा मतदारसंघातून दोनदा खासदार झाले, १९७२ ते ७७ विधानसभेत विरोधी पक्षनेते होते. मंत्रिपदाची खुर्ची मिळाली नाही. असा माणूस सरकारचा हिशेब बदलून दाखवतो, तो कसा? मला या प्रश्नाचं नवल आजही ओसरत नाही.

दिनकर बाळू पाटील यांचा जन्म १३ जानेवारी १९२६ चा, उरण तालुक्यातल्या जासईचा. भोवताली खाडी, खाजण, मिठागरं आणि भाताची खाचरं. आगरी-कोळ्यांचा हा मुलूख निमूट कधीच नव्हता. ते चार वर्षांचे असताना जवळच्या चिरनेरला जंगल सत्याग्रहात गोळ्या चालल्या. ते सात वर्षांचे असताना अलिबागजवळच्या चरी गावात नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली कुळांनी खोतांविरुद्ध संप सुरू केला आणि वर्षानुवर्षं शेतं पडीक ठेवून तो चालवला. जमीन कसणाऱ्याचं म्हणणं कायद्याच्या भाषेत मांडता येतं, हे या भागाने तेव्हाच पाहिलं. दिबा वकील झाले, शेतकरी कामगार पक्षात गेले, संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात आणि पुढे आणीबाणीत तुरुंगात गेले.

१७ मार्च १९७० रोजी सिडको ही नवं शहर वसवणारी सरकारी कंपनी स्थापन झाली. ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतल्या ९५ गावांच्या शिवारांवर, सुमारे ३४४ चौरस किलोमीटरांवर, नवं शहर उभं करायचं ठरलं. शहराच्या खर्चाची युक्ती मोठी हुशारीची होती. सरकारी तिजोरीतून फारसा पैसा घ्यायचा नाही. शेती स्वस्तात संपादन करायची, तिच्यावर रस्ते, पाणी, गटारं करायची आणि तयार भूखंड विकून आलेल्या पैशात पुढचं शहर बांधायचं. म्हणजे शहराचं खरं भांडवल होतं शेतकऱ्याची जमीन.

आणि त्या जमिनीचा भाव कोण ठरवत होतं? १८९४ चा भूसंपादन कायदा. त्याची पद्धत नीट समजून घेण्यासारखी आहे. कलम ४ ची अधिसूचना निघाली की त्या दिवसाचा बाजारभाव गोठतो. प्रत्यक्ष निवाडा पुढे दहा-बारा वर्षांनी लागला तरी पाया त्याच तारखेचा. शिवाय ज्या कामासाठी जमीन घेतली त्या कामामुळे वाढणारी किंमत धरायचीच नाही. भाताचं खाचर गेलं तर भाताच्या खाचराचाच पैसा, मग उद्या तिथे रेल्वे स्टेशन येवो. भाव वाढवून मागितला तरी गणिताची ही चौकट तशीच राहते. दिबांची दृष्टी इथे वेगळी ठरली, असं मी मानतो. त्यांनी आणि त्यांच्या माणसांनी रकमेपलीकडचं मागितलं: ज्या जमिनीवर शहर होणार, त्या शहरातच आमचा वाटा. विकसित जमिनीतला वाटा.

ही मागणी कागदावर सुखाने उतरली नाही. जानेवारी १९८४ मध्ये न्हावा-शेवा बंदरासाठी जमिनींचा ताबा घ्यायला मोठा पोलीस बंदोबस्त आला. गावंच्या गावं आडवी उभी राहिली, बाया पुढे होत्या. १६ जानेवारीला दास्तान फाट्यावर आणि दुसऱ्या दिवशी नवघरला गोळीबार झाला. दोन दिवसांत पाच जण मारले गेले, चिर्ले, धुतूम आणि पागोट्याचे. मुख्यमंत्री वसंतदादा पाटील होते. पनवेलचे आमदार होते दिबा.

त्याच वर्षाच्या शेवटी लोकसभेची निवडणूक झाली. इंदिरा गांधींच्या हत्येनंतरची ती लाट आठवून पाहा. महाराष्ट्रातल्या ४८ जागांपैकी ४३ काँग्रेसने जिंकल्या. उरलेल्या पाचांत एक कुलाबा होता आणि तिथून दिबा निवडून आले. ज्या लाटेत भलेभले वाहून गेले, तिच्यात खाडीकाठच्या माणसांनी आपला माणूस धरून ठेवला. माझ्या लेखी मतदारांनी दिलेला यापेक्षा मोठा सन्मान नाही.

विकसित जमिनीतल्या वाट्याची ती मागणी अखेर कागदावर उतरली: १९९० मध्ये राज्य सरकारने संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित जमीन मूळ मालकाला परत देण्याची योजना लागू केली आणि १९९४ मध्ये ती सुधारली. तिचं गणित गुंठ्यांत मांडलं की डोळ्यांसमोर उभं राहतं. एकर म्हणजे चाळीस गुंठे, त्याचे साडेबारा टक्के म्हणजे पाच गुंठे. त्यातले तीस टक्के, म्हणजे दीड गुंठा, सामाजिक सुविधांसाठी कापून घेतात. उरले साडेतीन. संपादित जमिनीच्या पावणेनऊ टक्के. पण या साडेतीन गुंठ्यांना रस्ता आहे, पाणी आहे, दीड चटईक्षेत्र निर्देशांक आहे, काही भागात दुकानं काढायची मुभा आहे. गेलेल्या चाळीस गुंठ्यांची भरपाई यातून पुरी होते, असं मी म्हणणार नाही. अनेकांचे भूखंड वर्षानुवर्षं अडकले, अनेकांनी अडचणीपोटी हक्कच विकून टाकले. तरीही शेतकरी नुसता देणेकरी न राहता शहराचा भागीदार झाला, ही गोष्ट त्या काळात अद्भुत होती. उरण-पनवेलमध्ये आजही ‘साडेबाराचा प्लॉट’ म्हटलं की पुढे काही सांगावं लागत नाही.

हा विचार तिथे थांबला नाही. विमानतळासाठी उलव्याची टेकडी सपाट झाली, नदीचा प्रवाह वळवला गेला, गावं उठली, तेव्हा तिथल्या जमीनमालकांसाठी वाटा साडेबावीस टक्क्यांवर गेला. आणि दिबा गेल्यानंतर अवघ्या तीन महिन्यांनी, सप्टेंबर २०१३ मध्ये, देशाच्या नव्या भूसंपादन कायद्यावर राष्ट्रपतींची सही झाली. त्याच्या दुसऱ्या परिशिष्टात एक तरतूद आहे: शहरीकरणासाठी जमीन घेतली तर विकसित जमिनीपैकी वीस टक्के जमीनमालकांसाठी राखून, संपादन आणि विकासाच्या खर्चाएवढ्या किमतीत त्यांना देऊ करायची. १८९४ च्या कायद्यात जिला जागाच नव्हती, ती विकसित जमिनीतल्या वाट्याची कल्पना आता साऱ्या देशाच्या कायद्यात आहे.

सिनेटमध्ये दर राज्याचे दोन सदस्य, मग राज्य कितीही लहान असो. त्या समान वजनामुळे हवाईसारख्या बेटाचा माणूस थेट तिजोरीपर्यंत पोचतो. आपल्याकडे एका तालुक्याच्या आमदाराला असं वजन राज्यघटना देत नाही. दिबांनी ते सभागृहाबाहेर, शिवारात उभं केलं आणि मग सभागृहात नेलं.

प्रश्न मात्र मिटलेले नाहीत. गावठाणांबाहेर वाढत्या कुटुंबांनी गरजेपोटी बांधलेली घरं नियमित करण्याची मागणी अजून चालू आहे. जमिनीचा हिशेब झाला तरी माणसं वाढत राहतात, त्यांच्या छपराचा हिशेब कुणीतरी ठेवायला हवा होता.

अटल सेतूवरून मुंबईहून आलात तर पूल जिथे जमिनीला टेकतो ते गाव चिर्ले, १९८४ च्या पाच हुतात्म्यांपैकी एकाचं. जासई तिथून जवळच आहे. विमान पकडायची घाई नसेल त्या दिवशी तिथल्या हुतात्मा स्मारकापाशी जरूर थांबा, आणि लेकरांना त्या पाच जणांची नावं मोठ्याने वाचायला सांगा.