तिरकमठ्यासाठी बाणाच्या काड्या : स्वस्त, टिकाऊ आणि सुरक्षित निवड

धनुर्विद्या हा आता केवळ आदिवासी भागापुरता किंवा शहरी क्रीडासंकुलापुरता मर्यादित खेळ राहिलेला नाही. फलटण तालुक्यातील सरडे या गावच्या मजूर कुटुंबातील प्रवीण जाधव याने २०२१ मध्ये झालेल्या टोकियो ऑलिम्पिकमध्ये देशाचे प्रतिनिधित्व केले. साताऱ्याच्या अदिती स्वामी हिने २०२३ मध्ये बर्लिन येथे जागतिक अजिंक्यपद मिळविले. त्यामुळे कुंकवासाठी ओळखल्या जाणाऱ्या केम (ता. करमाळा) सारख्या कोरडवाहू पट्ट्यातील गावांतही मुले हौसेने बांबूचे धनुष्य हाती घेऊ लागली, तर नवल नाही.

धनुष्य एकदा घेतले की बरीच वर्षे पुरते. बाण मात्र मोडतात, हरवतात आणि वारंवार लागतात. तेथेच खर्च वाढतो. मग हाती येईल त्या काडीचा बाण केला जातो आणि तो कधी तरी सुटतानाच मोडून मुलाच्या हातात घुसतो. हे टाळण्यासाठी काडी कशी निवडावी, कशी तपासावी आणि शेताच्या बांधावरच्या बांबूपासून ती कशी तयार करावी, याची माहिती या लेखात दिली आहे.

कोणती काडी चालते, कोणती नाही

तुरीच्या तुराट्या, कपाशीच्या पऱ्हाट्या, ज्वारीची धाटे आणि उसाचा तुरा ही आपल्या शेतात फुकट मिळणारी सामग्री आहे. परंतु धाटे व तुरा आतून भेंडासारखे पोकळ-मऊ असतात आणि तुराट्या, पऱ्हाट्या वाळल्यावर ठिसूळ होतात. खेळण्यातल्या धनुष्यालासुद्धा त्या जपूनच वापराव्यात. खऱ्या धनुष्याला कदापि वापरू नयेत.

संस्कृतात ‘शर’ हा शब्द बाणासाठी आणि एका जातीच्या गवतासाठीही आहे, यावरून गवताच्या ताटाचे बाण जुने आहेत हे दिसते. तथापि पातळ ताट नियमित सरावात लवकर चिरते. सुताराकडील गोल लाकडी दांडी घ्यायची झाल्यास तिच्या रेषा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ गेलेल्या असाव्यात. रेषा मध्येच बाजूला उतरत असतील, तर दांडी त्याच ठिकाणी तिरकी मोडते. फायबर ग्लासचे बाण टिकाऊ असतात, पण जड असतात. मुलाला स्पर्धेत उतरवायचे असल्यास त्या गटात कोणते साहित्य चालते, हे आयोजकांच्या नियमपत्रिकेत आधी पाहावे.

आपल्या भागासाठी सर्वांत सोयीचा पर्याय म्हणजे मानवेल बांबू. तो कमी पावसातही तग धरतो आणि कोरड्या, हलक्या जमिनीत त्याची भिंत जाड, बरेचदा भरीव होते. बाणासाठी नेमके हेच हवे असते.

बांबूची तोड

१. तीन ते चार वर्षांचा बांबू निवडावा. पहिल्या वर्षाचा बांबू हिरवागार, पांढरट भुकटी असलेला व पाणीदार असतो. तो वाळताना आकसतो आणि वाकतो. पक्व बांबूचा रंग मंदावलेला असतो, पेरांवरील आवरणे गळून पडलेली असतात आणि टिचकी मारल्यास खणखणीत आवाज येतो.

२. तोड पावसाळ्यानंतर, डिसेंबर-जानेवारीत करावी. या काळात बांबूतील पिष्टमय पदार्थ व पाणी कमी असते, त्यामुळे भुंगा लागण्याचे प्रमाण घटते.

३. जमिनीलगतच्या पहिल्या पेराच्या लगेच वर तोडावे, म्हणजे खुंटात पाणी साचत नाही. बेटातील कोवळे बांबू व काही पक्व बांबू राखावेत.

खाजगी जमिनीवरील बांबू २०१७ च्या दुरुस्तीनंतर भारतीय वन कायद्यातील ‘वृक्ष’ या व्याख्येतून वगळला गेला आहे. त्यामुळे आपल्या बांधावरील बांबूची तोड सुलभ झाली आहे. वनजमिनीवरील बांबूस मात्र हात लावू नये. ज्यांच्याकडे बेट नाही, त्यांनी बाजारातील बुरूड कारागिराकडून पक्व बांबू निवडून घ्यावा.

काडी तयार करणे

बांबूचे ८० ते ८५ सें.मी. लांबीचे तुकडे करावेत. चार सें.मी. जाडीच्या बांबूचा परीघ साधारण साडेबारा सें.मी. भरतो, म्हणजे सव्वा सें.मी. रुंदीच्या दहा कांबी निघतात. अशा तीन तुकड्यांतून ३० कांबी मिळतात. त्यांतील निम्म्या बाद झाल्या, तरी १५ बाणांची सोय एका बांबूत होते. कांब किमान एक सें.मी. जाड असावी, म्हणून बुंध्याकडील जाड भिंतीचा भागच घ्यावा.

कांबी दोन ते तीन आठवडे पाण्यात बुडवून ठेवाव्यात. नंतर १०० लिटर पाण्यात ३ किलो बोरॅक्स व २ किलो बोरिक ॲसिड या प्रमाणात द्रावण करून त्यात आठवडाभर ठेवल्यास भुंग्यापासून चांगले संरक्षण मिळते. हे द्रावण मुले व जनावरांपासून दूर ठेवावे. त्यानंतर कांबी सावलीत दोन महिने वाळवाव्यात. उन्हात वाळवू नयेत, चिरा पडतात.

वाळलेली कांब रंध्याने व काचपेपरने आठ मि.मी. जाडीपर्यंत गोल करावी. बळकट तंतू सालीलगत असतात, म्हणून आतील गर अधिक तासावा, सालीकडची बाजू शक्य तेवढी राखावी. वाकडी काडी ज्वाळेवर नव्हे तर निखाऱ्यांवर फिरवत तापवावी, सरळ दाबावी आणि थंड होईपर्यंत तशीच धरावी. शहाबादी फरशीवर लोळवून पाहिल्यास बाक लगेच कळतो.

ताठपणाची घरगुती परीक्षा

पारंपरिक धनुष्यात बाण दांड्याच्या बाजूने जातो, मधून नाही. दोरी सुटताच तो वाकतो, धनुष्याला वळसा घालतो आणि मग सरळ होतो. काडी फार ताठ असल्यास उजव्या हाताने ओढणाऱ्याचा बाण डावीकडे जातो, फार लवचीक असल्यास उजवीकडे. म्हणून काडी धनुष्याच्या ओढीला जुळली पाहिजे.

दोन आधार ६६ सें.मी. अंतरावर ठेवून त्यांवर काडी आडवी ठेवावी. मध्यभागी ९०० ग्रॅम वाळूची पिशवी टांगावी आणि काडी किती मिलिमीटर खाली झुकते ते पट्टीने मोजावे. ६६० ला या आकड्याने भागल्यास काडी किती पौंडांच्या ओढीस योग्य आहे ते अंदाजे कळते.

धनुष्याची ओढ व योग्य झुकाव :
२० पौंड : ३३ मि.मी.
२५ पौंड : २६ मि.मी.
३० पौंड : २२ मि.मी.
३५ पौंड : १९ मि.मी.
४० पौंड : १६ ते १७ मि.मी.

ओढ मोजताना मूल प्रत्यक्ष जेवढी दोरी ओढते, तेथपर्यंतच स्प्रिंगच्या काट्याने मोजावी. काडी फार ताठ असेल तर थोडी थोडी तासावी. आठ मि.मी.ची काडी अर्धा मि.मी. बारीक केली, तरी झुकाव सुमारे ३० टक्क्यांनी वाढतो, म्हणून घाई करू नये.

एका संचातील काड्यांच्या झुकावात दोन मि.मी.पेक्षा आणि तयार बाणांच्या वजनात एका ग्रॅमपेक्षा जास्त फरक नसावा. वजन सोनाराच्या काट्यावर पाहावे. ओढीच्या दर पौंडामागे बाणाचे वजन किमान अर्धा ग्रॅम असावे, म्हणजे ३० पौंडांच्या धनुष्यास १५ ग्रॅमपेक्षा हलका बाण लावू नये. फार हलक्या बाणाने, रिकामी दोरी सोडल्याप्रमाणे, धनुष्यालाच इजा होते.

लांबी व शेवटचा हात

काडीचे एक टोक छातीच्या मध्यावर टेकवून दोन्ही हात पुढे सरळ करावेत. बोटांच्या टोकापर्यंतच्या लांबीत पाच सें.मी. मिळवावेत. वाढत्या मुलाची लांबी दर सहा महिन्यांनी पुन्हा पाहावी. आखूड बाण धनुष्याच्या आत येऊन थेट हातात घुसू शकतो.

दोरीची खाच पेराजवळ घ्यावी आणि तिच्याखाली सरस लावून दोरा घट्ट गुंडाळावा. तीनही पिसे एकाच बाजूच्या पंखाची असावीत. शेवटी जवसाच्या उकळलेल्या तेलाचे किंवा व्हार्निशचे दोन-तीन हात द्यावेत, म्हणजे पावसाळी हवेत काडी वाकत नाही.

सरावापूर्वी घ्यावयाची काळजी

* प्रत्येक बाण चेहऱ्यापासून दूर धरून हलकेच वाकवावा. कट्कट् आवाज आल्यास बाण बाद करावा.
* काडीवरून कापूस फिरवावा. तंतू अडकला, तर तेथे चीर किंवा कूस आहे असे समजावे.
* चिरलेली काडी चिकटवून पुन्हा वापरू नये. ती मोडून चुलीत घालावी, म्हणजे दुसरे मूल उचलणार नाही.
* लक्ष्यामागे मातीचा उंच बांध असावा आणि बाण आणताना सर्वांनी धनुष्य खाली ठेवावे.
* बाण फक्त खेळासाठी वापरावेत. वन्यप्राण्यांची शिकार १९७२ च्या कायद्यान्वये गुन्हा आहे.

सारांश, स्वस्त बाण म्हणजे कमी पैशांत मिळालेला बाण नव्हे. जो धनुष्याला जुळतो, संचातील इतरांसारखाच उडतो आणि मोडण्यापूर्वी तपासणीत पकडला जातो, तोच बाण खऱ्या अर्थाने स्वस्त पडतो. बांधावर मानवेलाची चार रोपे लावल्यास काही वर्षांत काड्यांची कायमची सोय होईल आणि केवळ बाणाच्या खर्चापायी एखाद्या होतकरू मुलाचा सराव थांबणार नाही.