जिल्हा मध्यवर्ती बँक : अधिकार कोणाचे, दाद कोठे मागावी?

‘मध्यवर्ती बँक’ हा शब्द ग्रामीण भागात दोन अर्थांनी वापरला जातो आणि त्यातून बराच घोटाळा होतो. देशाचे चलन काढणारी व सर्व बँकांवर देखरेख ठेवणारी मध्यवर्ती बँक म्हणजे रिझर्व्ह बँक होय. जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँक ही तिची शाखा नव्हे, की सरकारी कचेरीही नव्हे. जिल्ह्यातील गावोगावच्या सहकारी संस्थांनी भागभांडवल घालून उभी केलेली, त्यांच्या मालकीची ती बँक आहे. या संस्थांच्या मध्यभागी असणारी, एवढाच येथे ‘मध्यवर्ती’ या शब्दाचा अर्थ.

बेळगाव व निपाणी भागातील शेतकऱ्याला हा भेद नीट कळणे विशेष अगत्याचे आहे. त्याचे शिवार एका राज्यात, नातेसंबंध व बाजारपेठ दुसऱ्या राज्यात, अशी स्थिती येथे घरोघरी आढळते. साहजिकच कागलच्या शेतकऱ्याला मिळालेली सवलत निपाणीत का नाही, किंवा निपाणीची कागलात का नाही, असा प्रश्न उपस्थित होतो, आणि त्याचा राग बहुधा चुकीच्या दारात व्यक्त होतो.

एकाच कायद्याची दोन अपत्ये

सहकारी पतसंस्थांचा पहिला कायदा १९०४ साली झाला. त्यानंतरच्या वर्षी गदग परिसरातील कणगिनहाळ येथे देशातील पहिली कृषी पतसंस्था नोंदली गेली. त्या कायद्यात गावच्या संस्थांना एकत्र येऊन आपली बँक काढण्याची तरतूद नव्हती. ती १९१२ च्या कायद्याने झाली, आणि जिल्हा बँकांचा मार्ग खुला झाला.

बेळगाव जिल्हा त्या काळी मुंबई इलाख्यात होता व तेथे १९२५ चा मुंबई सहकारी संस्था कायदा लागू होता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्य पुनर्रचना होऊन हा जिल्हा तत्कालीन म्हैसूर राज्यात गेला. चंदगड तालुका मात्र मुंबई राज्यात राहिला आणि कोल्हापूर जिल्ह्यास जोडला गेला. पुढे म्हैसूर राज्याने १९५९ चा व महाराष्ट्राने १९६० चा स्वतंत्र सहकारी संस्था कायदा केला. म्हणून आज निपाणीची संस्था बेळगाव जिल्हा बँकेमार्फत बेंगळूरच्या राज्य शिखर बँकेशी जोडलेली आहे, तर चंदगडची सोसायटी कोल्हापूर जिल्हा बँकेमार्फत मुंबईच्या राज्य सहकारी बँकेशी. रचना एकच, कायदे मात्र दोन.

दोन धन्यांची चाकरी

राज्यघटनेनुसार सहकारी संस्था हा राज्याचा विषय आहे आणि बँकिंग हा केंद्राचा. जिल्हा बँक एकाच वेळी दोन्ही आहे. यास्तव तिच्यावर दुहेरी नियंत्रण असते.

संस्थेची नोंदणी, पोटनियमांस मंजुरी, निवडणूक, चौकशी आणि सभासद व संस्था यांमधील वाद या बाबी राज्याच्या सहकार कायद्याखाली येतात. ठेवी व कर्जांचे नियम, रोख राखीव निधी आणि बँकिंगचा परवाना या बाबी १९४९ च्या बँकिंग नियमन कायद्याखाली येतात. हा कायदा सहकारी बँकांना १ मार्च १९६६ पासून लागू झाला. जिल्हा बँकांची प्रत्यक्ष तपासणी १९८२ साली स्थापन झालेल्या नाबार्डकडे आहे.

२०२० च्या दुरुस्तीने रिझर्व्ह बँकेचे अधिकार वाढले. जिल्हा बँकांना ही दुरुस्ती १ एप्रिल २०२१ पासून लागू झाली. संचालकांपैकी निम्म्याहून अधिक व्यक्तींना शेती, सहकार, हिशेब, कायदा अशा विषयांचे ज्ञान वा अनुभव असणे आता आवश्यक आहे. कारभार बिघडल्यास राज्य शासनाचा अभिप्राय घेऊन संचालक मंडळ दूर करण्याचा अधिकारही रिझर्व्ह बँकेस मिळाला. २०२५ च्या दुरुस्तीने संचालकाच्या सलग कारकिर्दीची मर्यादा आठ वर्षांवरून दहा वर्षांवर नेली आहे.

सवलत कोण देते?

व्याजातील सूट अथवा कर्जमाफी जाहीर करण्याचा अधिकार जिल्हा बँकेला नाही, रिझर्व्ह बँकेकडेही ते काम नाही. तो राज्य शासनाचा निर्णय असतो व त्याचा भार राज्याच्या तिजोरीवर पडतो. कर्नाटकाने २०२३ च्या अंदाजपत्रकात बिनव्याजी पीककर्जाची मर्यादा तीन लाखांवरून पाच लाख रुपये केली. महाराष्ट्रात डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेखाली मुदतीत परतफेड करणाऱ्यास तीन लाखांपर्यंतचे पीककर्ज बिनव्याजी पडते. सीमेच्या दोहो बाजूंचा फरक यातून येतो. बँकेच्या व्यवस्थापकाशी हुज्जत घालून तो मिटणारा नाही.

ठेव कोठे सुरक्षित?

सर्वांत महत्त्वाची बाब ठेवीची आहे. जिल्हा बँकेतील ठेवीला ठेव विमा महामंडळाचे संरक्षण असून ४ फेब्रुवारी २०२० पासून त्याची मर्यादा प्रत्येक ठेवीदारामागे, मुद्दल व व्याज मिळून, पाच लाख रुपये आहे. गावातील प्राथमिक कृषी पत्तीन संघ, ज्याला सीमाभागात ‘पीकेपीएस’ म्हणतात, किंवा महाराष्ट्रातील विकास सोसायटी ही कायद्याने बँक नव्हे. तिला आपल्या नावात ‘बँक’ हा शब्द वापरता येत नाही आणि तिच्याकडील ठेवीला हा विमा नाही. मुलीच्या लग्नासाठी वा म्हातारपणासाठी साठविलेली रक्कम ठेवताना, हातात पडलेली पावती बँकेची आहे की संघाची, हे प्रत्येकाने वाचून पाहावे. ज्यांना वाचता येत नाही त्यांना शिक्षकांनी व ग्रामसेवकांनी ते वाचून दाखवावे.

कोणत्या दारात जावे?

कर्जाच्या यादीतून नाव वगळले, संघाचा हिशेब दाखविला जात नाही, निवडणुकीत मताधिकार नाकारला, अशा तक्रारी सहकार खात्याच्या तालुका वा जिल्हा निबंधक कार्यालयात कराव्यात. संस्थेशी वाद असल्यास कर्नाटकात कलम ७० अन्वये तो निबंधकापुढे जातो, तर महाराष्ट्रात कलम ९१ अन्वये सहकार न्यायालयापुढे. खात्यातील रक्कम, चुकीची आकारणी वा सेवेतील कुचराई याबाबत प्रथम बँकेकडे लेखी तक्रार देऊन पोच घ्यावी. तीस दिवसांत समाधान न झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. १ नोव्हेंबर २०२५ पासून जिल्हा मध्यवर्ती बँकाही या योजनेत आल्या आहेत.

सभासदाचे मत

जिल्हा बँकेच्या निवडणुकीत शेतकरी स्वतः मत देत नाही. तो आपल्या संघाचे मंडळ निवडतो, ते मंडळ प्रतिनिधी ठरविते आणि तो प्रतिनिधी बँकेचा संचालक निवडतो. मत दोन पायऱ्या चढून वर जात असल्याने पहिली पायरीच बळकट असावी लागते. जो सभासद वार्षिक सभेस फिरकत नाही व संस्थेशी व्यवहार ठेवीत नाही, त्याचा मताधिकारही धोक्यात येऊ शकतो. वार्षिक सभेची नोटीस मिळताच ताळेबंद मागून घ्यावा, थकबाकीचा आकडा व लेखापरीक्षणाचा वर्ग विचारावा आणि आपला प्रश्न सभेच्या इतिवृत्तात नोंदवून घ्यावा. हा अधिकार सभासदाला सीमेच्या अलीकडे आहे आणि पलीकडेही आहे.