एका मिनिटाचा ताप

पॉलिटेक्निकमध्ये इन्स्ट्रुमेंटेशन शिकवताना मी फळ्यावर एक वक्ररेषा शेकडो वेळा काढली असेल. आधी झपकन वर चढणारी, मग हळूहळू आडवी होत जाणारी. मुलं ती वहीत उतरवून घेत, परीक्षेत काढत आणि मार्क मिळवत. मला स्वतःला मात्र ती नीट कळली घरी, नाशिकच्या डिसेंबरातल्या एका रात्री.

धाकटी मुलगी तेव्हा सहा वर्षांची होती. संध्याकाळपासून मलूल. मी पाऱ्याचा थर्मामीटर झटकला, तिच्या जिभेखाली ठेवला, घड्याळात बघून एका मिनिटानं काढला आणि दिव्याखाली वाचला. ९९ च्या जरासा वर. "कणकण आहे, सकाळी बघू," मी म्हणालो. आईचा हात नातीच्या कपाळावर होता. ती म्हणाली, "अरे, इथं हाताला चटका बसतोय आणि तुझी कांडी म्हणते कणकण?" मग पुन्हा लावला, या वेळी चांगली तीन मिनिटं. पारा १०४ ला टेकला होता. डॉक्टरांकडे धावलो, घड्या ठेवल्या, रात्र जागून काढली. मुलगी बरी झाली, पण मास्तरांची झोप उडाली ती उडालीच. थर्मामीटर बिघडलेला नव्हता. त्याचं बोलणं पुरं व्हायच्या आत मी त्याला बाहेर काढलं होतं.

आता बघा, काय घडतं ते. खोलीत पडलेला थर्मामीटर खोलीइतकाच थंड असतो. तो तोंडात ठेवला की त्याच्या भोवतीचं तापमान एका क्षणात बदलतं, जणू त्याच्यापुढे एक उंच पायरी उभी राहते. आमच्या विषयात याला 'स्टेप इनपुट' म्हणतात. पायरी एकदम येते, पण पारा एकदम चढू शकत नाही. उष्णता काचेतून आत झिरपावी लागते. आणि ती झिरपण्याचा वेग अवलंबून असतो तो बाहेरच्या आणि आतल्या तापमानातल्या फरकावर. फरक मोठा असेल तेव्हा उष्णता धावते. फरक कमी होत गेला की तिची चाल मंदावते. न्यूटननं १७०१ साली, स्वतःचं नाव न घालता छापलेल्या एका निबंधात, तापलेल्या वस्तूच्या निवण्याबद्दल हेच तत्त्व वापरलं होतं.

वाढीचा वेग नेहमी उरलेल्या अंतराच्या प्रमाणात असणं, एवढाच ज्यांचा कायदा असतो त्यांना 'फर्स्ट ऑर्डर सिस्टिम' म्हणतात. अशा सिस्टिमचा सारा स्वभाव एका आकड्यात मावतो. तो आकडा म्हणजे 'टाइम कॉन्स्टंट'. तेवढ्या वेळात अंतराचा ६३ टक्के भाग कापला जातो आणि ३७ टक्के उरतो.

हे ६३ कुठून आलं, असं मुलं हमखास विचारत. सुरुवातीचाच वेग शेवटपर्यंत टिकला असता, तर एका टाइम कॉन्स्टंटमध्ये सगळं अंतर संपलं असतं. पण तो टिकत नाही. समजा, त्या वेळाचे आपण दहा भाग केले आणि दर भागात उरलेल्या अंतराचा दहावा हिस्सा कापला. शेवटी सुमारे ३५ टक्के अंतर उरतं. शंभर भाग करून दर वेळी शंभरावा हिस्सा कापला, तर ३६.६ टक्के. भाग जितके बारीक करावेत, तितका हा आकडा ३६.८ कडे सरकतो आणि तिथेच थबकतो. चक्रवाढ व्याजाचाच हिशेब, फक्त उलट्या दिशेनं.

हिशेबासाठी धरू की, आपल्या थर्मामीटरचा टाइम कॉन्स्टंट अर्ध्या मिनिटाचा आहे, खोलीचं तापमान ८६ अंश फॅरनहाइट आहे आणि तापकऱ्याचं १०४. अंतर १८ अंशांचं. अर्ध्या मिनिटात पारा ९७.४ वर येतो, एका मिनिटात १०१.६ वर, दीड मिनिटात १०३.१ आणि अडीच मिनिटांत १०३.९. कागदावर तो १०४ ला कधीच पोचत नाही. व्यवहारात पाच टाइम कॉन्स्टंट झाले की, पोचला असं आम्ही मानतो.

आता हाच ताप थंडीत मोजा. खोली ६८ अंशांची, म्हणजे अंतर दुप्पट, ३६ अंश. इथेच मी फसलो होतो. मिनिटाला अंतराचे ८६ टक्के कापले जातात, ते उन्हाळ्यातही आणि हिवाळ्यातही; वेळ तोच लागतो. पण उरलेला हिस्सा दुप्पट अंतराचा असल्यानं तोही दुप्पट भरतो. उन्हाळ्यात मिनिटभरानं अडीच अंशांची चूक झाली असती, ती थंडीत जवळजवळ पाच अंशांची होते आणि पारा ९९.१ दाखवतो. तीच मुलगी, तोच ताप, तेच मिनिट. तीन मिनिटं थांबलात, तर दोन्ही ऋतूंत १०३.९ च्या खाली काही येत नाही.

टाइम कॉन्स्टंट ठरतो दोन गोष्टींवर: वस्तूला किती उष्णता पचवावी लागते आणि उष्णतेच्या वाटेत किती अडथळा आहे. १८६० च्या दशकापर्यंत डॉक्टरांचे थर्मामीटर फूटभर लांब असत आणि ताप मोजायला वीसेक मिनिटं लागत. इंग्लंडात लीड्सच्या क्लिफर्ड ऑलबट या डॉक्टरांनी सहा इंचांचा आटोपशीर थर्मामीटर आणला आणि काम पाच मिनिटांवर आलं. फुगा लहान, पारा थोडा, म्हणून पचवायची उष्णता कमी. दुसरी बाजू काखेत दिसते. तिथं त्वचेचा स्पर्श जिभेखालच्यासारखा घट्ट आणि ओला नसतो, वाट अवघड होते आणि जास्त थांबावं लागतं. शिवाय मिटलेली काख स्वतःच आधी तापत असते. खरं तर तोंडही थंड काचेनं थोडं निवतंच, त्यामुळे माझा वरचा हिशेब पुस्तकी आहे. रेषेचा आकार मात्र तसाच.

पारा विषारी. २०१३ च्या मिनामाटा करारानं असे थर्मामीटर बनवणं २०२० पर्यंत थांबवायचं ठरवलं. आता घरोघरी डिजिटल आले आहेत. त्यांतले काही वाढ पुरेशी मंदावली की 'बीप' करतात. काही त्याहून चलाख असतात. वरचेच आकडे घ्या: ९७.४, १०१.६, १०३.१. पहिली वाढ ४.२, दुसरी १.५; म्हणजे दर वेळी वाढ साधारण ३७ टक्क्यांवर येते आहे. हाच क्रम पुढे चालवला की बेरीज १०४ च्या आसपास जाऊन थांबते. आतली चिप असा अंदाज बांधून, खरा पारा पोचायच्या आधीच आकडा सांगते. माझ्या वक्ररेषेचा इतका चोख उपयोग मी वर्गात कधी सांगितला नव्हता. मात्र या चलाखीत तोंड उघडं राहिलं किंवा मुलानं कांडी हलवली की अंदाज चुकतो.

आमच्या कपाटात तो जुना पाऱ्याचा थर्मामीटर अजून आहे. तुमच्याकडे असला, तर वाचून झाल्यावर न झटकता पुन्हा मिनिटभर जिभेखाली ठेवा आणि पुन्हा वाचा. आकडा वर सरकला, तर आणखी थांबा.