घरचा संगणक वारंवार कां बंद पडतो?

भोसरी, चिंचवड, चाकण या कारखान्यांच्या टापूंत उन्हाळ्यांत धूळ व उष्मा यांना तोटा नाहीं. घरचा संगणक एकाएकीं बंद पडूं लागला कीं पालक नव्याची किंमत विचारूं लागतात. इतकी घाई नको. प्रथम मुलांचे निबंध व प्रकल्प पेन-ड्राइव्हवर उतरून घ्यावे. मग तो केव्हां बंद पडतो हें टिपावें.

अर्ध्या तासानें, जड खेळ चालूं असतां पडत असेल (हें मुलें आपण होऊन सांगतील अशी आशा आहे!), तर दोष बहुधा उष्णतेचा. प्रोसेसरचें तपमान १०० अंश सेल्सिअसच्या आसपास गेलें कीं यंत्र बचावासाठीं बंद होतें. प्लग काढून पंखा व त्याखालील धातूचीं पातळ पातीं मऊ कुंचल्यानें झाडावीं. कित्येक यंत्रें एवढ्यानेंच सुधारतात.

निळा पडदा दिसल्यास त्यावरील सांकेतिक शब्द उतरून घ्यावा, रॅमची पट्टी काढून पुन्हां घट्ट बसवावी. नुकतेंच घातलेलें सॉफ्टवेअर काढून पाहावें. १९ जुलै २०२४ रोजीं क्राउडस्ट्राइक कंपनीच्या एका सदोष अपडेटमुळें जगांतील सुमारें ८५ लक्ष विंडोज यंत्रें कोलमडलीं होतीं.

कांहींहि न दिसतां, दिवा विझावा तसा तो विझत असेल, तर वीज पाहावी. पाण्याचा पंप सुरू होतांच असें घडत असल्यास यू.पी.एस. लावावा. एरवीं एस.एम.पी.एस.वर संशय घ्यावा. ती पेटी मात्र घरीं उघडूं नये. प्लग काढल्यावरहि तिच्या कपॅसिटरांत घातक वीज उरते. ती सबंध बदलून घ्यावी. नव्या संगणकापेक्षां तो खर्च पुष्कळच कमी येतो.